लाईट गेली, ऊन आहे, पाणी कुठाय?

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर एडिटरना धरा, मला नको. पण विषय माझ्या आजीच्या विहिरीचा आहे, आणि तो इंग्लिशमध्ये लिहिला तर आजी वाचणार कशी?

माझं आजोळ श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. विहिरीत पाणी, विहिरीवर मोटर, आणि सत्तरीची आजी दोरी-पोहऱ्याने पाणी ओढतेय! तिच्या हातावरचे फोड अजून आठवतात. नंतर मामाने छपरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवून घेतलं. बसवणारा म्हणाला, "आता लाईटची काळजीच सोडा." पुढच्याच एप्रिलमध्ये भर दुपारी लाईट गेली. वर रणरणतं ऊन आणि मोटर ढिम्म! आजीचा मला फोन, "अगं, तू इलेक्ट्रिकलला ना? मग हे काय?"

बिघाड काहीच नव्हता. नेट मीटरिंगचा साधा इन्व्हर्टर ग्रिडचं व्होल्टेज आणि ५० हर्ट्झ बघून त्याच्या तालावर चालतो. ग्रिड गेली की तो मुद्दामच बंद होतो. नाहीतर आपल्या छपरावरची वीज उलटी लाईनमध्ये जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. याला अँटी-आयलँडिंग म्हणतात. बसवणाऱ्याने हे सांगायला हवं होतं, एवढंच.

मग बॅटरी लावायची? मामाचा पहिला विचार तोच. पण एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, हे झालं मोटरच्या शाफ्टवर. सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते. घरातला ८०० व्हीएचा इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. तो झटका सोसणारा मोठा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या घ्यायच्या, आणि काही वर्षांनी बॅटऱ्या बदलायच्या. पंप तर दिवसातून थोडाच वेळ लागतो!

आता अकरावीचं एमजीएच आठवा. (व्हायव्हात नाही आठवलं तरी चालेल.) विहिरीतल्या पाण्यापासून टाकीपर्यंत उंची १८ मीटर धरा. १००० लिटर वर चढवायला १००० गुणिले ९.८ गुणिले १८, म्हणजे सुमारे १,७६,००० ज्यूल. युनिटमध्ये ०.०५ सुद्धा नाही! पंप आणि पाइपमधला लॉस धरून ०.१५ युनिट म्हणू. घराला रोज २००० लिटर लागले तरी ०.३ युनिट. एवढ्यासाठी वीज कशाला साठवायची? पाणीच साठवा. टाकी हीच बॅटरी. रात्री नळ सोडला की पाणी आपोआप खाली येतं.

म्हणून आम्ही जुनी मोटर तशीच ठेवली आणि शेजारी एक छोटा डीसी सबमर्सिबल सोडला. त्याला ३३० वॅटची दोन वेगळी पॅनेल आणि कंट्रोलर. ग्रिडशी संबंधच नाही. कंट्रोलर पंपाला हळूहळू वेगात आणतो, त्यामुळे सुरुवातीचा झटका नाही. चांगल्या उन्हात तासाभरात टाकी भरते. दोन्ही पाइप एकत्र येतात तिथे प्रत्येकावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. आमच्याकडे आधी नव्हता, आणि एका पंपाचं पाणी दुसऱ्यातून परत विहिरीत! मामा दोन दिवस टाकीला भोक शोधत होता.

ढगाळ दिवशी मात्र गंमत होते. पंप फिरताना दिसतो, पण पाणी येत नाही. सेंट्रिफ्यूगल पंपाचा हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग अर्धा झाला की हेड पाव! १८ मीटर गाठताच येत नाही. हेलिकल रोटरचा पंप कमी वेगातही पाणी वर ढकलतो, पण तो महाग पडतो. आमचं भागतं, कारण कोकणात ढग येतात तेव्हाच विहिरीही भरतात. पाणी वर आलं की चढवायची उंचीही कमी. खरी भीती मे महिन्याची. ऊन भरपूर आणि विहीर तळाला. पंप कोरडा चालला तर सील जळतं, म्हणून विहिरीत लेव्हल सेन्सर लावलाय. टाकीत फ्लोट स्विच आहे, तो भरल्यावर पंप बंद करतो.

आजीने फ्लोट थोडा वर बांधायला लावला. ओव्हरफ्लोचं पाणी माडाच्या आळ्यात जातं म्हणे.