बहिष्कार टिकतो तो तयारीवर



बहिष्कार म्हटलं की आपल्याला आधी आठवतं ते वाळीत टाकणं. एखाद्या घराला किराणा द्यायचा नाही, कामाला बोलवायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही. तिथे बळकट लोक एकट्या पडलेल्या घराची अडवणूक करतात. आज आम्ही याच्या अगदी उलट बहिष्काराची माहिती सांगणार आहोत. ज्यांच्या हाती सत्ता नव्हती अशा लोकांनी एका कंपनीला आपले पैसे देणं बंद केलं आणि अन्यायाविरुद्धची लढाई जिंकली. त्यात बायकांचा वाटा मोठा होता.

ही हकिकत अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराची. १९५५ साली तिथल्या सिटी बसमध्ये पुढच्या जागा गोऱ्या लोकांसाठी राखीव असत. काळ्या लोकांनी मागे बसायचं. पुढच्या जागा भरल्या आणि आणखी एखादा गोरा प्रवासी चढला, तर मधल्या रांगेतल्या काळ्या माणसांनी उठायचं. पुष्कळदा पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचं. तेवढ्यात ड्रायव्हर बस सोडून निघून जाई, असंही घडे.

गंमत अशी, की बसचे चारांतले सुमारे तीन प्रवासी काळेच होते. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणीभांडी, मुलं सांभाळणं अशी कामं करणाऱ्या बायका त्यात खूप. म्हणजे कंपनी चालायची यांच्या पैशावर आणि अपमानही यांचाच. हे नेमकं हेरलं 'विमेन्स पोलिटिकल कौन्सिल' या तिथल्या महिला संघटनेने. तिच्या अध्यक्ष जो अ‍ॅन रॉबिन्सन कॉलेजात शिकवत. वागणूक सुधारली नाही तर लोक बस सोडतील, असं पत्र त्यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना लिहिलं होतं. तयारी आधीपासून होती, ती अशी.

१ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला. त्या शिवणकाम करत आणि वर्णभेदाविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेतही होत्या. त्यांना अटक झाली. त्याच रात्री रॉबिन्सनबाईंनी कॉलेजातल्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली. निरोप साधा होता: सोमवारी बसमध्ये बसू नका. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस जवळजवळ रिकाम्या धावल्या. संध्याकाळी चर्चमध्ये मोठी सभा झाली आणि बहिष्कार चालू ठेवायचं ठरलं. त्यासाठी नवी समिती झाली. तिचे अध्यक्ष झाले २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग.

एक दिवस बस सोडणं सोपं. पुढे काय? तिथल्या लोकांनी चार गोष्टी नीट केल्या.

पहिली, मागणी स्पष्ट ठेवली. सभ्यपणे वागवा, बसलेल्याला उठवू नका, काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमा. सुरुवातीच्या मागण्या एवढ्याच. त्या कुणालाही तोंडपाठ सांगता येत.

दुसरी, जाण्यायेण्याची सोय केली. रोज कामावर न जाता कसं भागणार? आधी काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच, म्हणजे १० सेंट घेऊन लोकांना नेलं. शहराने ते बंद पाडलं, तेव्हा लोकांनी स्वतःच्या गाड्या दिल्या. सुमारे ३०० गाड्या ठरलेल्या थांब्यांवरून, ठरलेल्या वेळी धावू लागल्या. आपल्याकडच्या वडापसारखीच ही व्यवस्था, पण नफ्यासाठी नव्हती. ज्यांना गाडी मिळाली नाही ते मैलोनमैल चालले.

तिसरी, पैसा उभा केला. पेट्रोल, दुरुस्ती, विमा, सगळ्याला पैसा लागे. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीणबाईंनी बायकांचा एक गट जमवला. त्या केक, पाय, तळलेलं चिकन करून विकत आणि पैसे समितीकडे जमा करत. पैसे कुठून आले विचारलं, तर उत्तर ठरलेलं: 'कुठूनच नाही.' गटाचं नावच पडलं 'कुठूनच नाही क्लब'. यामागे कारण होतं. मदत करणाऱ्या बाईचं नाव मालकिणीला कळलं, तर तिचं काम जायचं. गिलमोरबाईंची नोकरी गेलीच. मग त्यांनी घरीच जेवण करून विकायला सुरुवात केली.

चौथी, त्रास होणार हे धरून चालले आणि शांतता सोडली नाही. ३० जानेवारी १९५६ ला किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. पत्नी आणि तान्ही मुलगी घरात होत्या, त्या वाचल्या. लोक चिडून जमले, तेव्हा किंग यांनी त्यांना शांतपणे घरी पाठवलं. कित्येक पुढाऱ्यांवर खटले भरले गेले.

सोबत कोर्टाची लढाईही चालू होती. ती लढल्या ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि १५ व्या वर्षी बसमध्ये अटक झालेली क्लॉडेट कॉल्व्हिन. चौघीही बायकाच. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्याच सुमारास गाड्यांची सोय कोर्टाच्या मनाईने बंद पडली. तरी आदेश हाती येईपर्यंत लोक महिनाभर चालतच राहिले. ३८१ दिवसांनी, २१ डिसेंबरला, ते बसमध्ये चढले आणि हव्या त्या जागी बसले.

मैत्रिणींनो, नुसत्या बहिष्काराने कायदा पडला नाही आणि नुसत्या खटल्यानेही लोक वर्षभर एकत्र राहिले नसते. दोन्हींची जोड लागली.

एक फरक मात्र आपण पक्का लक्षात ठेवू. कंपनीची सेवा न घेणं वेगळं आणि माणसाला वाळीत टाकणं वेगळं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गटाच्या बैठकीत या प्रश्नांवर बोला:

• आपल्या गावात कुणाचा धंदा आपल्या पैशावर चालतो, आणि तिथे आपल्याला मान मिळतो का?
• आपली मागणी एका वाक्यात सांगता येईल का?
• आपण काही घेणं बंद केलं, तर गटातल्या सगळ्यात गरीब बाईचं कसं भागेल?
• जिचं काम जाईल, तिच्यामागे कोण उभं राहील?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय तारीख ठरवू नका.