पाटीवरचे नाव आणि आतला कारखाना

घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारून पाहा, की आपल्याकडे पहिला रंगीत टीव्ही कोणत्या कंपनीचा आला होता. कोणी व्हिडिओकॉन म्हणेल, कोणी सॅन्सुई, तर कोणी अकाई. यात एक गंमत आहे. सॅन्सुई आणि अकाई ही नावे मूळची जपानी. पण भारतात एके काळी ती व्हिडिओकॉन समूहाच्याच मालावर झळकत होती, आणि या समूहाचा मोठा कारखाना होता औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला. दुकानात तीन कंपन्यांची चुरस दिसे. मागे समूह मात्र एकच!

याच औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, दुसऱ्या अंगाला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथे २००१ साली स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढे ऑडी आणि फोक्सवॅगन ही चिन्हे लावलेल्या मोटारीही त्याच कारखान्यातून बाहेर पडू लागल्या. तेव्हा वस्तूवरचे नाव आणि ती बनवणारे हात या दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, हे या शहराला नवे नाही.

आता त्याच शहरातल्या गच्च्यांकडे पाहा. सौर पॅनेलच्या निळ्या-काळ्या रांगा तुम्हाला जागोजागी दिसतील. जिन्यापाशी भिंतीवर टांगलेली एक पेटीही दिसेल. ती म्हणजे सौर इन्व्हर्टर. पेटीवर ठळक अक्षरांत एखाद्या कंपनीचे नाव असते. पण ती पेटी खरोखर त्याच कंपनीने बनवलेली असते का?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी पेटीच्या आत काय चालते ते पाहू. पॅनेलमधून मिळते ती दिष्ट धारा, म्हणजे डी.सी.; ती एकाच दिशेने वाहते. आपल्या पंख्यांना आणि फ्रीजला हवी प्रत्यावर्ती धारा, म्हणजे ए.सी.; २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने करणारी. वहीत एक चौकोन काढा. त्याच्या चारही बाजूंवर एकेक बटण दाखवा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना पॅनेलच्या तारा जोडा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांना दिवा. आता समोरासमोरच्या बाजूंची एक जोडी चालू केली, की दिव्यातून धारा एका दिशेने जाईल. ती बंद करून दुसरी जोडी चालू केली, की उलट दिशेने. झाली प्रत्यावर्ती धारा!

अर्थात इन्व्हर्टरमध्ये बटणे दाबायला कोणी बसलेले नसते. तेथे आय.जी.बी.टी.सारखे अर्धवाहक स्विच असतात आणि ते सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. कधी क्षणभर जास्त, कधी कमी वेळ चालू राहून ते धारेचे लहानमोठे तुकडे पाडतात. वेटोळी आणि धारित्रे हे तुकडे गुळगुळीत करतात, आणि तुमच्या पुस्तकात असते तशी साइन लहर तयार होते. या सर्वांना हुकूम सोडतो एक छोटा संगणक. ऊन बदलले, ढग आला, की कोणत्या व्होल्टेजला सर्वांत जास्त शक्ती मिळेल ते तो सतत चाचपडत असतो.

हा हुकूम, म्हणजे त्या संगणकातला प्रोग्राम, लिहिणे आणि तपासणे हे खरे अवघड व खर्चाचे काम. म्हणूनच थोडे कारखाने ते करतात आणि पुष्कळ कंपन्या त्यांच्याकडून तयार पेट्या घेऊन आपली पाटी लावतात. अशा मालाला व्यापारात 'व्हाइट लेबल', म्हणजे कोऱ्या पाटीचा माल, म्हणतात. तैवानच्या व्होल्ट्रॉनिक पॉवर या कंपनीचे उदाहरण घ्या. तिचा 'ॲक्सपर्ट' जातीचा इन्व्हर्टर बॅटरीवर चालतो. दक्षिण आफ्रिकेत तो आरसीटी आणि मेसर या नावांनी विकला गेला. इतकेच काय, कॅमेऱ्याच्या फिल्मसाठी प्रसिद्ध असलेले कोडॅकचे नावही अशा इन्व्हर्टरवर आले! आणि पेटी तीच राहून नाव बदलते, असेही घडते. पॉवर-वन कंपनीचे सौर इन्व्हर्टर २०१३ साली ए.बी.बी.कडे गेले आणि २०२० साली ए.बी.बी.ने हा सारा व्यवसाय इटलीच्या फिमर कंपनीला दिला. सात वर्षांत तीन पाट्या झाल्या.

यात फसवणूक आहे का? मुळीच नाही. चांगल्या कारखान्याची पेटी कोणत्याही नावाखाली चांगलीच चालेल. अडचण येते ती पेटी बिघडल्यावर. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची बहुधा ५ ते १० वर्षांची. म्हणजे पॅनेल शाबूत असताना इन्व्हर्टर निदान एकदा दुरुस्त करावा किंवा बदलावा लागणार, हे धरूनच चालावे. त्यातून मराठवाड्याचा उन्हाळा! आतल्या इलेक्ट्रोलिटिक धारित्रांबाबत एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढले, की आयुष्य निम्मे होते. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो तेथे दक्षिणेच्या उघड्या भिंतीवर टांगलेली पेटी आणि जिन्याच्या सावलीतली पेटी यांचे आयुष्य सारखे कसे असेल? त्या दिवशी पाटीवरची कंपनी बाजारात नसेल, तर सुटा भाग मागायचा कोणाकडे? व्हिडिओकॉनसारखा मोठा समूहसुद्धा २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट खांबावर चढणाऱ्या वायरमनची. दुरुस्तीसाठी महावितरणने वाहिनी बंद केली आणि गच्चीवरचा इन्व्हर्टर मात्र तिच्यात वीज सोडत राहिला, तर? म्हणून वाहिनी बंद पडताच वाहिनीला जोडलेल्या इन्व्हर्टरने २ सेकंदांच्या आत आपणहून थांबले पाहिजे, अशी कसोटी आहे. भर उन्हात भारनियमन झाले, की बॅटरी नसलेल्या घरातली सौर वीजही का जाते, याचे उत्तर तुम्हाला येथे मिळेल. हे थांबणे त्या प्रोग्रामवर अवलंबून आहे, आणि प्रोग्राम असतो खऱ्या उत्पादकाच्या हातात.

तो हात किती लांब पोहोचतो हे नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिसले. चीनची डेये ही कंपनी स्वतःच्या नावाने इन्व्हर्टर विकते, आणि अमेरिकेतल्या सोल-आर्क कंपनीसाठीही बनवते. अमेरिकेत विकण्याचा करार सोल-आर्कशी होता. तरी इतर मार्गांनी तेथे पोहोचलेले डेये नावाचे इन्व्हर्टर काही घरांत अचानक बंद पडले आणि पडद्यावर, येथे वापरण्याची परवानगी नाही, अशा अर्थाची सूचना आली. पेटीत बिघाड नव्हता. पाटी बदलली, की हक्कही बदलतात, हे त्या घरमालकांना अंधारात कळले!

मग खरा उत्पादक ओळखायचा कसा? पेटीच्या बाजूला एक छोटी पाटी असते. तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह शोधा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या आदेशाने सौर इन्व्हर्टरना ही नोंदणी सक्तीची करण्यात आली. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो: आय.एस. १६२२१ हे सुरक्षिततेचे, आणि आय.एस. १६१६९ हे वाहिनी जाताच थांबण्याचे मानक. चिन्हाखाली इंग्रजी 'आर' अक्षर आणि आठ आकडे असतात. हाच आपला धागा. कारण ही नोंदणी दुकानदाराला किंवा नावाच्या मालकाला मिळत नाही, ती मिळते कारखान्याला. ब्यूरोच्या 'बी.आय.एस. केअर' या मोबाइल ॲपमध्ये हा आर-क्रमांक घाला. उत्पादकाचे नाव, पत्ता आणि त्याला कोणत्या नावाने माल विकण्याची मुभा आहे, हे समोर येईल.

दुसरी युक्ती माहितीपुस्तिकेची. नाव आणि रंग बदलणे सोपे असते, पण बिघाड दाखवणारे आकडे बदलण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. ॲक्सपर्टच्या पुस्तिकेत ०१ म्हणजे पंखा अडकला, ०२ म्हणजे तापमान फार चढले, ०७ म्हणजे जादा भार फार वेळ राहिला. वेगळ्या नावाच्या पुस्तिकेत हेच आकडे याच अर्थाने, याच क्रमाने दिसले, तर दोन्ही एकाच घरातले असण्याचा दाट संभव. वर्गातल्या पाच-सहा जणांनी आपापल्या गल्लीतले इन्व्हर्टर पाहून नाव, नमुना क्रमांक, आर-क्रमांक आणि कारखान्याचा देश असा तक्ता करावा. शिक्षकांना तो विज्ञान प्रदर्शनात सहज मांडता येईल.

फक्त पेटीचे झाकण मात्र कोणीही उघडायचे नाही. पॅनेलकडून येणाऱ्या तारांत दिवसा शेकडो व्होल्टची डी.सी. असते, आणि वीज तोडल्यानंतरही धारित्रांत काही मिनिटे भार टिकून राहतो. आपल्याला हवे आहे ते सारे बाहेरच्या पाटीवर छापलेले आहे.