डोंगरावरचा रस्ता

मोटारींच्या शर्यतीची जागा म्हटली म्हणजे चोहोंकडून कुंपण घातलेले मैदान आपल्या डोळ्यांपुढे येते. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्ट गावाजवळच्या माउंट पॅनोरामाची गोष्ट निराळी आहे. तो सार्वजनिक रहदारीचा रस्ता असून त्याच्या कडेला लोकांची घरे आहेत.

महामंदीच्या काळात बेकारांना काम मिळावे म्हणून दिलेल्या सरकारी पैशातून तो बांधला गेला. सांगितले गेले ते सहलीच्या रस्त्याचे. नगराध्यक्ष मार्टिन ग्रिफिन यांच्या मनात मात्र शर्यतही होती. मार्च १९३८ मध्ये रस्ता खुला झाला आणि त्याच ईस्टरला पीटर व्हाइटहेड यांनी तेथे ऑस्ट्रेलियन ग्रां प्री जिंकली. १९६३ साली ५०० मैलांची शर्यत तेथे आली. १९७३ पासून ती १००० किलोमीटरांची झाली. पीटर ब्रॉक यांनी ती ९ वेळा जिंकली.

सव्वासहा किलोमीटरांच्या फेरीत १७४ मीटरांचा चढउतार आहे. डोंगर उतरून गाड्या कॉनरॉड नावाच्या सरळ पट्ट्यावर भरधाव सुटतात. १९८६ साली तेथेच माइक बर्गमन हे स्पर्धक प्राणास मुकले. पुढच्याच वर्षी त्या पट्ट्यावर वळण घालण्यात आले. आम्हांस ते वळण कोणत्याही विजयचिन्हाहून मोलाचे वाटते.

शर्यत संपली की त्याच रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरांची मर्यादा असते. वेग कोठे शोभतो आणि कोठे नाही, हे शिकविणारा याहून चांगला गुरू कोणता?