मोजकीच नाणी काढली म्हणून भाव वाढत नाही

धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय्य तृतीया जवळ आली की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘‘ही मर्यादित आवृत्ती आहे, पुढे भाव वाढणारच.’’ समोर सोन्याचं चकचकीत नाणं असतं. त्यावर एखाद्या प्राचीन शहराचा बुरूज किंवा वेस कोरलेली असते आणि सोबत अनुक्रमांकाचं प्रमाणपत्र येतं. विकणारा असं बोलणारच. पण घेणाराही त्याला खात्रीची गोष्ट समजून मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घालतो, तेव्हा संताप येतो. कारण हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही करता येईल इतका सोपा आहे.

या प्रकारातलं एक चांगलं, प्रामाणिकपणे काढलेलं नाणंच उदाहरणाला घेऊ. इस्रायलच्या मध्यवर्ती बँकेने २०१० साली ‘जेरुसलेम ऑफ गोल्ड’ ही मालिका सुरू केली. त्या देशाची ही पहिली बुलियन नाणी, म्हणजे ज्यांची किंमत मुळात धातूच्या भावावर ठरते अशी. पहिल्या नाण्यावर जेरुसलेममधला ‘टॉवर ऑफ डेव्हिड’ हा बुरूज होता. वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम. शुद्धता ९९९.९. दर्शनी मूल्य २० शेकेल आणि संख्येची कमाल मर्यादा ३,६००.

३,६०० म्हटल्यावर डोळे विस्फारतात. इथेच गफलत होते. अशा नाण्याच्या किमतीत तीन भाग असतात. पहिला सोन्याचा. तो जगभर एकाच बाजारावर हलतो; नाण्यावर जेरुसलेम आहे की कांगारू, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दुसरा भाग घडणावळ, वाहतूक, विमा आणि विक्रेत्याच्या नफ्याचा. तो विकत घेतलेल्या दिवशीच गेला असं समजावं. तिसरा भाग म्हणजे संग्राहक हौसेने वर देतो ती रक्कम. ‘भाव वाढणार’ हा दावा फक्त या तिसऱ्या भागाबद्दल असतो, आणि तो भाग मागणीवर चालतो. ३,६०० हा आकडा पुरवठा सांगतो. मागणीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ते नाणं मनापासून हवं असणारे जगात तीनच हजार लोक असतील, तर सहाशे नाणी जास्तच आहेत!

आता पैशांत बघू. समजा, नाण्यात १०० रुपयांचं सोनं आहे आणि ते १२० रुपयांना मिळतंय. त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे तुमचे १२३ रुपये ६० पैसे गेले. दुसऱ्या दिवशी तेच नाणं मोडायला नेलंत आणि ९७ रुपये हातात आले, तर मुद्दल वसूल व्हायलाच सोन्याचा भाव २७ टक्क्यांहून जास्त चढावा लागेल. नफा त्यानंतर. आणि मोडायला न्याल कुठे? गल्लीतला सराफ नाणं मशीनखाली धरतो, काट्यावर ठेवतो, त्या दिवसाच्या भावाने गुणतो आणि आकडा सांगतो. बुरुजाचे वेगळे पैसे त्या आकड्यात नसतात. ते देणारा ग्राहक कदाचित दुसऱ्या देशातल्या लिलावात बसलेला असतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचा खर्च तुमचाच.

उलट दक्षिण आफ्रिकेचं क्रूगरँड बघा. १९६७ पासून निघणारं हे नाणं कोट्यवधींच्या संख्येत आहे, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. तरी परदेशातल्या बाजारात ते विकायला सर्वांत सोप्या नाण्यांपैकी एक आहे, कारण ते सगळे ओळखतात. मोडायची वेळ येते तेव्हा दुर्मीळपणापेक्षा ही ओळखच जास्त कामाला येते.

मग मर्यादित आवृत्त्यांचे भाव कधीच वाढत नाहीत का? वाढतात. चीनच्या पांडा नाण्यांच्या काही जुन्या वर्षांना धातूच्या कितीतरी पट किंमत येते. पण त्यामागे दरवर्षी बदलणारं चित्र आहे, आणि पुढच्या काळात हातात पैसा आलेला चिनी संग्राहकांचा मोठा वर्ग आहे. तो वर्ग तयार होईल हे नाणं काढलं तेव्हा कुणी लिहून दिलं नव्हतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘९९९.९ च्या नाण्यात २२ कॅरेटच्या नाण्यापेक्षा सोनं जास्त.’ एक औंसाच्या नाण्यांत नाही. क्रूगरँड आणि अमेरिकन ईगल २२ कॅरेटची आहेत, पण त्यांचं एकूण वजन ३३.९३ ग्रॅम असतं आणि त्यात शुद्ध सोनं पूर्ण ३१.१ ग्रॅम भरतं.

‘सरकारी नाणं म्हणजे चलन.’ २०१५ साली आलेल्या ‘इंडियन गोल्ड कॉइन’वर अशोकचक्र आणि गांधीजी आहेत, पण दर्शनी मूल्य नाही. ते चलन नव्हे.

‘बँकेतून घेतलं की बँक परत घेते.’ घेत नाही. आपल्याकडच्या बँका सोन्याची नाणी विकतात, परत विकत घेत नाहीत.

‘नाण्यांवर कर नसतो.’ ब्रिटनमध्ये तिथल्याच चलनी सोन्याच्या नाण्यांना भांडवली नफ्याच्या करातून सूट आहे, तिथून ही समजूत आली असावी. भारतात नाणं विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो.

‘नाण्यावर आहे म्हणजे इतिहास तसाच.’ टॉवर ऑफ डेव्हिडचा राजा डेव्हिडशी संबंध नाही. त्याचा जुना भाग हेरोद राजाच्या काळातला, डेव्हिडनंतर सुमारे हजार वर्षांनी बांधलेला. डेव्हिडचं नाव बायझंटाइन काळात गैरसमजातूनच चिकटलं, आणि आज ज्या मिनारामुळे ही जागा ओळखू येते तो ऑटोमन काळातला. त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूचा गर्जणारा सिंहही जेरुसलेमचा नाही. तो मेगिद्दो इथे १९०४ साली सापडलेल्या एका मुद्रेवरचा आहे. मूळ मुद्रा इस्तंबूलला पाठवली गेली आणि हरवली. उरला तो तिचा ठसा.

‘जुनं तेवढं दुर्मीळ.’ नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली प्राचीन क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी एकाच जागी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. आणि हेही ध्यानात ठेवा : प्राचीन शहराचं चित्र असलेलं नवं नाणं वेगळं आणि प्राचीन शहरातलं खरं नाणं वेगळं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही.

जेरुसलेम आवडतं, कोरीवकाम आवडतं, म्हणून नाणं जरूर घ्या आणि जपून ठेवा; पुसून-घासून चकचकीत मात्र करू नका, संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत घटते. पण गुंतवणूक म्हणून घेणार असाल, तर पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला एवढंच विचारा : ‘‘हेच नाणं आज तुम्हाला विकलं तर किती द्याल?’’ आकडा लेखी घ्या. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथून उठा.