लांडगे मारले की वासरं वाचतात का? एक आकडेवारी आणि दोन उत्तरं

पीएच.डी.च्या प्रस्तावात बरेच जण लिहितात, "मला मानव-वन्यजीव संघर्षावर काम करायचंय." विषय चांगला आहे, पण तो अजून प्रश्न झालेला नाही. संघर्ष म्हणजे नेमकं काय मोजणार? कुठे मोजणार? कशाशी तुलना करणार? हे ठरवल्याशिवाय पुढची सगळी मेहनत हवेत राहते. आज यासाठी एक गाजलेलं उदाहरण बघू. अमेरिकेतल्या सरकारी कुरणांवरचे पशुपालक आणि लांडगे यांचं हे उदाहरण आहे.

जमीन कुणाची?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत प्रचंड जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. आपल्या गायरानाशी तिची लगेच तुलना करू नका. गायरान गावाच्या सामायिक वापरासाठी असतं. तिथे मात्र ठरावीक पशुपालकाला ठरावीक तुकड्यावर चराईचा परवाना मिळतो, बहुतेक वेळा 10 वर्षांसाठी. ही व्यवस्था 1934 च्या टेलर ग्रेझिंग अ‍ॅक्टमधून आली. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या एकाच खात्याकडे चराईसाठी खुली असलेली जमीन सुमारे 15.5 कोटी एकर आहे. वनखात्याची कुरणं वेगळीच.

चराईचं शुल्क महिन्यावर मोजतात. एक गाय आणि तिचं वासरू, किंवा पाच मेंढ्या, महिनाभर चारायचं किमान शुल्क 1.35 डॉलर. खासगी कुरणाचा दर याच्या कितीतरी पट असतो. म्हणून वन्यजीवप्रेमी म्हणतात, "ही तर सवलत झाली. जमीन सगळ्यांची, मग तिथे लांडग्यालाही जागा हवी." पशुपालक म्हणतात, "कुंपण आम्ही सांभाळतो, पाण्याची सोय आम्ही बघतो. आणि रँच विकत घेताना परवान्याची किंमत धरूनच पैसे मोजलेत." कायद्याच्या भाषेत परवान्यामुळे जमिनीवर मालकी हक्क मिळत नाही. व्यवहारात मात्र रँचच्या बाजारभावात परवाना मोजला जातो. भांडणाचं मूळ बरंचसं इथे आहे.

यात लांडगे आले. यलोस्टोनमधले शेवटचे लांडगे 1926 मध्ये मारले गेले होते. 1973 च्या धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याच्या आधाराने 1995 आणि 1996 मध्ये कॅनडातून 66 लांडगे आणले: 31 यलोस्टोनमध्ये, 35 मध्य आयडाहोत. म्हणजे एकाच जमिनीवर एक कायदा चराई चालवतो आणि दुसरा लांडगा वाचवतो.

नुकसान मोजायचं कसं?

सरळ उत्तर: मेलेली जनावरं मोजा. पण भरपाई देताना सहसा "खात्रीशीर" शिकारच धरतात. कुणीतरी मेलेलं जनावर शोधायचं, तपासनिसाने येऊन लांडग्यानेच मारलंय हे ठरवायचं. हजारो एकर डोंगराळ रानात वासरू मेलं तर ते सापडेलच असं नाही. सापडेपर्यंत कोल्हे-गिधाडांनी पुरावा संपवलेला असतो.

आयडाहोमध्ये वनखात्याच्या कुरणावर वासरांना रेडिओ ट्रान्समीटर लावून एक अभ्यास झाला. तो 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा की लांडग्यांनी मारलेल्या आठ वासरांपैकी पशुपालकाला एखादंच सापडत असावं. तो एका भागातला, थोड्या काळातला अभ्यास होता, त्यामुळे सगळीकडे आठने गुणत सुटायचं नाही. पण अधिकृत आकडा म्हणजे खरं नुकसान नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं.

मोंटानातल्या 18 रँचेसवरचा 2014 चा अभ्यास आणखी वेगळा. त्यांनी जिवंत वासरांची वजनं पाहिली. ज्या रँचवर खात्रीशीर शिकार झाली होती, तिथे उरलेल्या वासरांचं वजनही सरासरी 22 पौंडांनी, म्हणजे साधारण 10 किलोंनी कमी भरलं. वासरं वजनावर विकली जातात, तेव्हा हे नुकसान मेलेल्या जनावरांच्या मोजणीत दिसत नाही. पण याच अभ्यासात दुसरी गोष्टही दिसली: लांडगे नुसते आसपास वावरत असतील, शिकार झाली नसेल, तर वजनावर परिणाम दिसला नाही. म्हणजे एकाच पेपरमध्ये दोन्ही बाजूंना पटणारं आणि दोन्ही बाजूंना टोचणारं काहीतरी आहे. असे पेपर पूर्ण वाचायची सवय लावा, नुसत्या सारांशावर थांबू नका.

आता मुख्य गंमत

2014 च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचे रॉब वीलगस आणि त्यांच्या सहलेखिकेचा पेपर 'प्लॉस वन'मध्ये आला. आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग या तीन राज्यांची 1987 ते 2012 ची आकडेवारी. निष्कर्ष धक्कादायक होता: एका वर्षी जास्त लांडगे मारले, तर पुढच्या वर्षी गुरांवरचे हल्ले कमी न होता वाढतात. मारण्याचं प्रमाण 25 टक्क्यांच्या पुढे गेलं तरच ते घटतात. त्यांचं स्पष्टीकरण असं की प्रमुख नर-मादी मारली की कळप फुटतो, प्रजनन करणाऱ्या जोड्या वाढतात आणि शिकारही वाढते.

2016 मध्ये त्याच नियतकालिकात, तीच आकडेवारी घेऊन दुसऱ्या गटाने उलट उत्तर काढलं. त्यांच्या मते प्रत्येक जादा मारलेल्या लांडग्यामागे पुढच्या वर्षी मरणाऱ्या गुरांची अपेक्षित संख्या 1.9 टक्क्यांनी आणि मेंढ्यांची 3.4 टक्क्यांनी घटते.

आकडे तेच, मग फरक कुठून आला? मुख्य मुद्दा काळाचा. 1987 मध्ये त्या भागात लांडगे नगण्य होते, 2012 पर्यंत दीड हजारांच्या वर गेले. लांडगे वाढले तशी शिकार वाढली, आणि मारले जाणारे लांडगेही वाढले. तिन्ही रेषा एकत्रच वर चढतात. पुण्यात मोबाइल वाढले आणि दुचाकीही वाढल्या, म्हणून मोबाइलमुळे दुचाकी वाढल्या असं आपण म्हणत नाही ना? तसंच. दुसऱ्या गटाने मॉडेलमध्ये वर्ष हा चल घातला आणि उत्तराची दिशाच बदलली.

पण लगेच "दुसरे बरोबर, पहिले चूक" असं लिहू नका. दोन्ही अभ्यास अख्ख्या राज्याची वार्षिक बेरीज वापरतात. एका कळपाने एका कुरणावर काय केलं हे त्यात दिसतच नाही. निर्णय मात्र त्याच पातळीवर घ्यावा लागतो. 2016 मध्ये वॉशिंग्टन राज्यात कोलव्हिल राष्ट्रीय वनातल्या चराईवर 'प्रोफॅनिटी पीक' कळपातले सात लांडगे सरकारने मारले, ते असंच उत्तर अर्धवट हातात असताना. तिथल्या गुरांबद्दल वीलगस यांनी वर्तमानपत्रात केलेलं विधान त्यांच्याच विद्यापीठाने जाहीरपणे नाकारलं. पुढे वाद वाढला आणि 2018 मध्ये 3 लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. आकडे कोरडे असतात, त्यांच्याभोवतीचं वातावरण नसतं.

मग प्रयोगच का करत नाहीत?

योग्य प्रश्न. काही कुरणं चिठ्ठी टाकून निवडायची, तिथे लांडगे मारायचे, बाकीच्या ठिकाणी नाही, आणि तुलना करायची. पण ज्याची वासरं मेलीत त्या पशुपालकाला "तुम्ही कंट्रोल ग्रुपमध्ये आहात" असं कसं सांगणार? शिवाय लांडगे कुरणाच्या हद्दी पाळत नाहीत. म्हणून असे प्रयोग फार थोडे झालेत, आणि जे झालेत ते बहुधा झेंडूपट्टीसारखी फडफडणारी फडकी, दिवे अशा न मारणाऱ्या उपायांवर.

तुमच्या वहीसाठी

विषय ठरवण्याआधी चार ओळी लिहून काढा:

1. नुकसान म्हणजे मी काय मोजतोय: मेलेली जनावरं, घटलेलं वजन, की रात्रभराची राखण?
2. जे नोंदलं गेलं नाही, ते का नोंदलं गेलं नाही?
3. माझं एकक काय: राज्य, कळप, की एक कुरण? आणि निर्णय कुठल्या पातळीवर होतो?
4. काळाबरोबर आपोआप वाढणारी कुठली गोष्ट मला फसवू शकते?

आपल्याकडे सोलापूर-पुण्याच्या माळरानांवर लांडगे आणि धनगरांचे कळप एकत्र वावरतात. तिथे चराईचा दहा वर्षांचा परवाना नाही, वाडा आज इथे तर उद्या पुढच्या शिवारात. रात्री कोकरू गेलं तर पंचनाम्यासाठी थांबायचं की कळप घेऊन पुढे निघायचं? अमेरिकेतले आकडे इथे चालणार नाहीत. दुसरा प्रश्न मात्र जसाच्या तसा लागू होतो. सुरुवात तिथूनच करा.