विश्लेषण : घर तेवढेच, सामान दुप्पट, जास्तीची जागा काढायची कुठून?

दिवाळीनंतर भातझोडणी उरकली की मुळशी तालुक्यातील कासारसाईच्या शेतकरी घरांत एक हिशेब सुरू होतो. वर्षभराचा इंद्रायणी तांदूळ ठेवायचा कुठे? जवळच्या हिंजवडी परिसरातील वन-बीएचके फ्लॅटमध्ये हाच प्रश्न बॅगा, गाद्या आणि मुलांच्या सायकलींचा असतो. बहुतेक जण यावर नवे कपाट आणतात. कपाट भरते आणि चालायची जागाही जाते. मग जागा शोधायची कुठे आणि कोणत्या जागेला हात लावायचा नाही?

जुन्या घरांत सामान कुठे मावायचे?

जुन्या मातीच्या घरात जमीन शक्यतो मोकळी ठेवली जाई. सामान भिंतीत आणि छपराखाली जाई. जाड भिंतीत फडताळ आणि कोनाडे, भिंतीला खुंट्या, वर माळा. कणगी कोपऱ्यात उभी असे. त्यामुळे दिवसा बसायची ओसरी रात्री झोपायला मिळे आणि कार्यात तिथेच पंगत बसे. माळ्याचा आणखी एक फायदा होता. चुलीचा धूर वर जाऊन धान्य कोरडे राही आणि किडीला आळा बसे.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीखाली पेवे होती. मुळशीसारख्या भरपूर पावसाच्या भागात मात्र खालची जागा ओली, म्हणून साठवण वर गेली.

कपाट महाग का पडते?

'रेरा' कायद्यानुसार (2016) घराची विक्री चटई क्षेत्रावर होते. हे क्षेत्र जमिनीचे मोजतात, उंचीचे नाही. म्हणजे पैसे जमिनीचे जातात आणि वरची हवा त्यासोबत येते.

लोखंडी कपाट साधारण 3 फूट रुंद आणि दीड फूट खोल असते. ते साडेचार चौरस फूट जमीन अडवते. दार उघडून उभे राहायला समोर आणखी सहा चौरस फूट तरी लागतात. चौरस फुटाचा दर उदाहरणादाखल सात हजार रुपये धरला, तर ही साडेदहा चौरस फूट जागा सुमारे 73,500 रुपयांची होते. कपाटाची किंमत वेगळी!

लपलेली जागा कुठे असते?

- पलंगाखाली : सव्वासहा बाय पाच फुटांच्या पलंगाखाली एक फूट उंची मिळाली, तर सुमारे 31 घनफूट जागा होते. साडेसहा फूट उंच लोखंडी कपाटातही जवळपास एवढीच जागा असते. गाद्या, रजया, पाहुण्यांची अंथरुणे इथे ठेवावीत.
- दारावरचा माळा : 10 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच माळ्यात 40 घनफूट सामान मावते. रिकाम्या बॅगा, गणपतीच्या सजावटीचे सामान अशा वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू इथे ठेवाव्यात.
- दारामागे आणि ओट्याखाली : दारामागे खुंट्या आणि उथळ फळ्या, ओट्याखाली ओढता येणारे ट्रे.
- जिन्याखाली : गावातील दुमजली घरात किंवा रो-हाऊसमध्ये घरातल्या जिन्याखालचा तिरका कोपरा. उंच बाजूला सायकल, बुटक्या बाजूला अवजारे.

नियम सोपा आहे. जड सामान खाली, हलके वर आणि रोजचे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत.

धान्यासाठी वेगळी काळजी का?

धान्याला जागेइतकाच कोरडेपणा लागतो. साठवताना भातात ओलावा 14 टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर बुरशी आणि कीड लागते. म्हणून आधी कडक ऊन, मग झाकणबंद पत्र्याची कोठी. कोठी थेट फरशीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नये. खाली लाकडी पाट आणि मागे वीतभर अंतर हवे. पलंगाखालची बंद जागा पावसाळ्यात दमट होते, त्यामुळे पोती तिथे नकोत.

कोणत्या जागेला हात लावू नये?

- माळ्यावर पाण्याची टाकी : एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 500 लिटरची टाकी भरली की एक चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर अर्धा टन वजन येते. घराची मुख्य जमीनही साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो धरून आखलेली असते आणि माळा त्याहून पातळ असतो. टाकी बसवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे.
- पीओपीचे छत : ते फक्त शोभेचे असते, सामानाचे वजन पेलत नाही.
- इमारतीचा जिना आणि विजेची डक्ट : चपलांचे कपाट, जुनी रद्दी इथे ठेवली, तर आगीच्या वेळी बाहेर पडायची वाटच बंद होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार ही व्यवस्था सुस्थितीत ठेवणे मालक आणि रहिवाशांची जबाबदारी आहे.
- गॅस सिलिंडर : एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी हवीच.
- बाल्कनी : परवानगी न घेता ती बंद करून खोली केली, तर ते अनधिकृत बांधकाम ठरू शकते.

सुरुवात कुठून करावी?

टेप घेऊन पलंगाखालची आणि दारावरची उंची मोजा. मग माळ्यावरचे सगळे सामान एकदा खाली उतरवा. वर्षभर ज्याला हात लागला नाही, ते ठेवायचे की द्यायचे हे आधी ठरवा. अनेक घरांत नव्या कपाटाएवढी जागा इथेच निघते.