गिनीपिगचे ध्वनी : स्वरूप, अर्थ आणि आकलन

प्रस्तावना :
मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात गिनीपिग या प्राण्याचे स्थान मोलाचे आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेगची साथ सुरू झाली. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. शहरातील प्राणिसंग्रहालयात प्लेगने मेलेल्या गिनीपिगच्या अंगावर उंदरांच्या पिसवा आढळल्याचे ग्लेन लिस्टन यांनी नोंदवले. पुढे प्लेग संशोधन आयोगाने प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा गोळा केल्या. उंदरांपासून माणसापर्यंत रोग पिसवांमार्फत पोहोचतो, हे सिद्ध होण्यास या प्रयोगांचा आधार मिळाला. त्या काळी गिनीपिगचे शरीर हा पुरावा होता. त्याच्या आवाजातून काय कळू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ध्वनींचे प्रकार :
गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशाचा, कळपात राहणारा कृंतक प्राणी आहे. दाट गवतात एकमेकांशी संपर्क राखण्यास आवाज उपयोगी पडतो. ज्युलिया बेरीमन यांनी १९७६ मध्ये या ध्वनींची रचना, कारणे आणि कार्य यांचे सविस्तर वर्णन केले.

सर्वांत परिचित ध्वनी म्हणजे वर चढत जाणारी लांब शीळ. चारा आणणाऱ्याची पावले किंवा पिशवीची सळसळ ऐकू येताच ती सुरू होते. आईपासून दुरावलेले पिल्लूही शीळ घालते. चारा शोधत फिरताना कळपात हलकी कुजबुज चालू असते. ती परस्परसंपर्काची खूण होय. मादीभोवती डोलत फिरणारा नर खोल, गडगडल्यासारखा आवाज काढतो. दात कडकडा वाजवणे हा धमकीचा इशारा असतो, तर तीव्र किंकाळी वेदना किंवा भीती दर्शवते. पक्ष्यासारखी चिवचिव क्वचितच ऐकू येते आणि तिच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

आकलनातील अडचणी :
केवळ ध्वनीवरून अर्थ लावणे धोक्याचे ठरते. घुरघुर हे त्याचे उत्तम उदाहरण. अंग सैल सोडून काढलेली खालच्या पट्टीतील घुरघुर समाधानाची असते. तीच वरच्या पट्टीत गेली व अंग ताठरले, तर ती नाराजीची खूण असते. एकाएकी आवाज झाल्यावर निघणारी तोकडी घुरघुर भीतीची असते, आणि त्या वेळी प्राणी जागीच थिजतो. मांजराच्या सवयीने पाहणारा माणूस या तिन्हींना समाधान समजण्याची शक्यता असते. म्हणून ध्वनी, देहस्थिती आणि प्रसंग यांची नोंद एकत्रितपणे करणे आवश्यक आहे.

दुसरी अडचण श्रवणमर्यादेची. माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. गिनीपिगला सुमारे ५० किलोहर्ट्झपर्यंतचे. त्यामुळे आपणास शांत वाटणारी खोली तेथील उपकरणांमुळे त्याच्यासाठी गोंगाटाची असू शकते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. हा प्राणी निसर्गात शिकाऱ्यांचे भक्ष्य असल्याने आजार लपवण्याकडे त्याचा कल असतो. आजारी गिनीपिग किंचाळेलच असे नाही. बहुधा तो गप्प होतो. रोज चाऱ्याच्या वेळी शीळ घालणारा प्राणी एखाद्या दिवशी मुकाट कोपऱ्यात बसून राहिला, तर ते मौन हेच लक्षण समजावे. चारा थांबला की त्याच्या आतड्याचे कार्य लवकर मंदावते. अशा वेळी पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये.

निष्कर्ष :
प्राण्यांना अनावश्यक वेदना होऊ नयेत, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा हेतू आहे. मात्र वेदना ओळखताच आली नाही, तर ती टाळणार कशी? प्राणिगृहाच्या दैनंदिन नोंदवहीत वजन व आहार यांबरोबर आवाजाचाही एक रकाना असावा. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. चारा देण्यापूर्वी क्षणभर दाराशी थांबून ऐकणे आणि कोण गप्प आहे हे टिपणे, एवढे पुरेसे आहे. ज्या प्राण्याच्या देहाने या शहराला प्लेगचे कोडे उलगडण्यास साहाय्य केले, त्याचा आवाज ऐकून घेणे हे अभ्यासकांचे किमान कर्तव्य होय.